गोठलेल्या तळ्यावर जायचं म्हणतोय, मिनेसोटावाल्यांनो जरा सांगा!

गारठलेली
नमस्कार मंडळी. आम्ही जूनमध्ये पुण्याहून मिनियापोलिसला आलो, ईडन प्रेरीत राहतो. घरामागेच एक तळं आहे, उन्हाळाभर मुलं तिथे बदकं बघायला जायची. काल त्याच तळ्याच्या मधोमध एक माणूस बर्फात भोक पाडून, गळ टाकून उलट्या बादलीवर बसलेला दिसला, शेजारी कुत्रा, आणि दोघं अगदी निवांत! मी खिडकीतून किती वेळ बघत उभी होते. वर नवऱ्याच्या ऑफिसातले लोक म्हणतायत जानेवारीत मिल लॅक्स तळ्यावर चला, आम्ही दर वर्षी बर्फावर ठेवलेलं मासेमारीचं छोटं घर भाड्याने घेतो, गाडीनेच आत जायचं. गाडीने! तळ्यावरून!
मुलं ६ आणि १० वर्षांची, ती तर आत्ताच बूट घालून बसलीयत. सासूसासरे पण आलेत, एप्रिलपर्यंत आहेत (हो, हिवाळ्यातच आले, नातवंडांचा बर्फ बघायचा होता). तर हे खरंच सेफ असतं का, कपडे काय लागतात, आणि मासे पकडायचे नसतील तर तळ्यावर करायचं काय, म्हणजे आमच्या घरी निम्मे शाकाहारी आहेत. सगळं सांगा, बाळबोध वाटलं तरी सांगा.

पेठेतला
इथे तापमान ११ झालं की आम्ही माकडटोपी काढतो आणि तुम्ही तळ्यावर गाडी घालताय. खडकवासल्याला या, कणीस खा, भजी खा, पाणी पाण्यासारखं आणि जमीन जमिनीसारखी.

थंडोबा
स्वागत आहे ताई! मी इथे बरेच हिवाळे काढलेत त्यामुळे थोडं लांबण लावतो. आधी सेफ्टी, बाकीचं मग.
इथे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं आहे, सगळे त्याला डीएनआर म्हणतात, त्यांचे आकडे तोंडपाठ करा. चालत जायला किमान ४ इंच स्वच्छ, नवा, घट्ट बर्फ. स्नोमोबिलला, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या स्कूटरसारख्या गाडीला, ५ ते ७. छोट्या कारला ९ ते १०, मध्यम एसयूव्हीला ११-१२, मध्यम ट्रकला १३ आणि त्याहून जड असेल तर आणखी. आता यातली खरी मेख अशी की हे आकडे काळपट पारदर्शक बर्फाचे आहेत, ज्यातून खालचं पाणी काळं दिसतं. त्यावर हिमवर्षाव होऊन, भिजून, परत गोठून जो दुधी पांढरा बर्फ होतो त्याची ताकद साधारण अर्धी, म्हणून तिथे सगळे आकडे दुप्पट धरायचे. आणि डीएनआर स्वतःच म्हणतं की शंभर टक्के सेफ बर्फ असा नसतोच.
आणि एका ठिकाणी मोजलं म्हणजे तळं मोजलं असं नाही. ओढा जिथे येऊन मिळतो, जिथे खाली झरा आहे, पुलाखालची चिंचोळी जागा, लव्हाळी उगवलेली कड, लोक आपला धक्का वाचवायला पाण्यात बुडबुडे सोडतात ती जागा, इथे बर्फ पातळच राहतो. शहरातलंच उदाहरण म्हणजे बडे माका स्का आणि लेक ऑफ द आइल्स यांना जोडणारा कालवा. दोन्ही तळ्यांवर माणसं असतात म्हणून बरेच जण पुलाखालून पलीकडे जायला बघतात. नका जाऊ.
तुमच्या त्या बादलीवाल्याने काय केलं असेल सांगतो. हातात स्पड म्हणजे लांब लोखंडी पहार घेऊन पावलापावलाला समोर आपटत गेला असेल, दोन घावांत पाणी आलं तर तिथूनच मागे. मग अधूनमधून भोक पाडून पट्टीने जाडी बघायची. त्याच्या पावलांवर पाऊल ठेवून मात्र जाऊ नका, तो परवा गेला असेल आणि काल ऊन पडलं असेल.

शंकासुर
पण थंडोबा, ४ इंच म्हणजे वीतभर सुद्धा नाही हो. त्यावर ८० किलोचा माणूस? आणि एवढे ट्रक उभे असतात तर ते बर्फ पेलतो की पाणी पेलतं?

वजनकाटा
शंकासुर, दोन्ही. बर्फाची ती फळी पाण्यावर तरंगत असते, वजन पडलं की ती किंचित वाकते, भोवतालचा मोठा भाग थोडासा खाली दबतो आणि तेवढं पाणी बाजूला सरतं, म्हणजे वजन शेवटी पाणीच उचलतं, बर्फाचं काम ते वजन लांबवर पसरवण्याचं. म्हणून ताकद जाडीच्या साधारण वर्गाने वाढते, जाडी दुप्पट झाली की चौपट.
आणि मुळात तळं वरूनच का गोठतं हे मुलांना नक्की सांगा. पाणी ४ डिग्री सेल्सियसला सगळ्यात जड असतं, त्याहून थंड झालं की हलकं होऊन वर येतं, वरच गोठतं आणि बर्फ त्याहून हलका म्हणून तरंगतो. तळाशी ४ डिग्रीच्या आसपास पाणी राहतं, मासे तिथे जिवंत. हे उलटं असतं तर तळी तळापासून भरत आली असती आणि इथे मासाच उरला नसता.
एक उलटी वाटणारी गोष्ट, हिमवर्षाव झाला की बर्फ जाड होत नाही, उलट वाढ मंदावते. हिम म्हणजे गोधडी, खालची ऊब धरून ठेवते. वर त्याच्या वजनाने बर्फ दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि हिमाखाली चिखलासारखा स्लश तयार होतो जो वरून दिसतच नाही.

पेठेतला
चला म्हणजे तळ्यालाही गोधडी मिळते, आम्हालाच मिळत नाही, बायकोने ड्रायक्लीनला दिलीय.

पांढरा डगला
मी इमर्जन्सीत काम करते म्हणून फक्त कामाचं लिहिते.
कोणी पाण्यात पडलंच तर लोकांना वाटतं दोन मिनिटांत गारठून संपलं, तसं होत नाही. मॅनिटोबा युनिव्हर्सिटीचे गॉर्डन गीसब्रेक्ट यांचं १-१०-१ हे सूत्र आम्ही सगळ्यांना सांगतो. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचं, गार पाण्याने धाप लागते, हुंदके दिल्यासारखा श्वास होतो, त्यात पाणी आत गेलं की संपलं, म्हणून त्या मिनिटात दुसरं काहीही करायचं नाही, फक्त तोंड पाण्यावर ठेवायचं. मग साधारण १० मिनिटं हातपाय नीट चालतात, ती बाहेर यायची. आणि बेशुद्ध व्हायला साधारण १ तास असतो. म्हणजे घाबरायला वेळ नाही पण बाहेर यायला आहे.
बाहेर यायचं कसं, तर ज्या बाजूने आलात त्याच बाजूला वळा कारण तिथल्या बर्फाने तुम्हाला आत्तापर्यंत पेललं होतं. हात बर्फावर पसरा, पाय पोहताना मारतो तसे मागे मारा, शरीर आडवं होऊ दे आणि पोटावर सरका. वर आलात की उभं राहायचं नाही, लोळत लांब जा. गळ्यात आइस पिक्स घाला, दोन मुठी आणि टोकाला खिळे, काही डॉलरला मिळतात, ओल्या बर्फावर नुसते हात घसरतात. मुलांच्या गळ्यातही घाला आणि आधी घरच्या गालिच्यावर सरकून प्रॅक्टिस करून घ्या, त्यांना खेळ वाटतो. लाइफ जॅकेट घाला, फक्त गाडीत बसताना नको, गाडी बुडाली तर खिडकीतून निघता येत नाही.
दुसरं पडलेलं बघून धावत जाऊ नका. दोरी, शिडी, फांदी, जे असेल ते लांबून फेका आणि ९११.
आणि हे कोणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहिते. बर्फावरच्या घरात प्रोपेनचा हीटर असतो, बाहेर वारा असतो म्हणून लोक सगळ्या फटी बंद करतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखलं, मळमळलं तर 'जेवण बाधलं असेल' म्हणून पडून राहू नका, आधी बाहेर या. बॅटरीवरचा अलार्म स्वतःचा न्या, भाड्याच्या घरात आहे असं सांगितलं तरी न्या.

गारठलेली
बापरे. नवऱ्याला वाचून दाखवलं. सासरे म्हणतायत मी काठावरच बसतो.

मालवणची माय
अगो बाय, घाबरू नको! सगळे एकदम दम देतत तुला. डॉक्टरबाई म्हणतात ते सगळं कर, पण जा. आम्ही मिल लॅक्सला जातोच जातो, माझ्या घोवाला दर्या नसला तरी पाणी लागतं.
मिल लॅक्स म्हणजे केवढं ते ऐक, १ लाख ३२ हजार एकर, पलीकडचा काठ दिसत नाही. आणि खोली किती, तर सगळ्यात खोल ४२ फूट, म्हणजे थाळीसारखं पसरट. हिवाळ्यात त्यावर गावच वसतं. किनाऱ्यावरचे रिसॉर्टवाले बर्फावरून रस्ते नांगरून ठेवतात, वळणावर पाट्या, मोठी भेग पडली की तिच्यावर लोखंडी पूल टाकतात, आणि त्या रस्त्याने जायचे पैसे घेतात. ते पैसे द्यायचे, कारण रोज सकाळी कोणीतरी जाऊन बर्फ मोजून येतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला तेच लोक आपल्याला त्यांच्या गाडीतून नेतात, आपली गाडी काठावर.
घरात फळीला गोल भोकं असतात. ऑगर म्हणजे मोठा गिरमिट, फिरवत गेलं की किसलेला बर्फ गोल गोल वर येतो अगदी खोबऱ्याच्या कीसासारखा, आणि मग एकदम भस्स करून पाणी वर येतं, मुलं तिथे टाळ्या पिटतात. मग झाऱ्यासारखा स्किमर असतो त्याने कीस काढून टाकायचा आणि पुन्हा पुन्हा काढत राहायचा कारण साय धरल्यासारखं गोठत राहतं. गळाची दांडी अर्ध्या हाताएवढी छोटी. तिच्या कड्यांमध्ये बर्फ साचतो, दोरी अडकते, ते चिमटीने फोडायचं. शेजारी फ्लॅशर म्हणजे पाण्याखालचं दाखवणारं यंत्र, गोल तबकडीवर रंगीत रेघा, तुमचं आमिष एक रेघ, आणि खालून दुसरी रेघ हळूहळू वर सरकत येते ती मासा. मुलं त्याच्यावरून नजर हटवत नाहीत, व्हिडिओ गेमच तो.
इथला राजा वॉलआय मासा. त्याचे डोळे मांजरासारखे चमकतात, कमी उजेडात त्याला चांगलं दिसतं म्हणून खरी गंमत दिवस मावळताना. काटे कमी, चव अगदी हलकी. मीठ, हळद, तिखट, आगळ लावून अर्धा तास ठेवायचा आणि रव्यात घोळवून तिथेच शेगडीवर. बाजूच्या घरातले लोक वासाने दार वाजवत येतात, गेल्या खेपेला एक आजोबा आले ते जाताना मला आपली एक दांडीच देऊन गेले.
मिल लॅक्सवर वॉलआय ठेवायचा की सोडायचा, किती इंचाचा, हे दर सीझनला बदलतं. जायच्या आधी डीएनआरचं बघायचं म्हणजे बघायचं.

काठावरचा
याला थोडी जोड. मिल लॅक्सवरचे नियम वेगळे असतात त्यामागे इतिहास आहे. ओजिब्वे म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांनी १८३७च्या करारात अमेरिकन सरकारला जमीन दिली पण तिथे शिकार आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. राज्याशी त्यावरून वाद झाला आणि १९९९ साली सुप्रीम कोर्टाने तो हक्क कायम असल्याचा निकाल दिला. तेव्हापासून तळ्यातला वाटा राज्य आणि टोळ्या मिळून ठरवतात. बार किंवा बेट शॉपमध्ये (आमिषाचं दुकान) कोणीतरी यावर तावातावाने बोलेल, तेव्हा अर्धवट ऐकून मान डोलवू नका एवढंच.
लायसन्सचं म्हणाल तर १६ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. आणि जानेवारीत मार्टिन लूथर किंगच्या सुट्टीला जोडून एक वीकएंड असतो, तेव्हा मुलांना घेऊन जाणाऱ्या इथे राहणाऱ्या मोठ्यांनाही लागत नाही. तुम्हाला सोयीचा तोच, संक्रांतही त्याच सुमाराला. हिवाळ्यात माणशी दोन गळ टाकता येतात, उन्हाळ्यात एकच.

शंकासुर
थंडीने अर्धमेल्या माशाला भोकातून ओढून काढायचं यात काय आनंद आहे मला कळत नाही.

मालवणची माय
अर्धमेला? एकदा पकडून बघ, मग कळेल अर्धमेला कोण ते.

थंडोबा
शंकासुर, तो वाद इथे नको, वेगळा धागा काढ, मी येतो तिकडे. ताईंनी विचारलंय मासे नको असतील तर काय, त्यावर बोलूया.
ताई, खरं सांगू का, शाकाहारी मंडळींना मिल लॅक्सपेक्षा शहरातच जास्त मजा आहे. लेक ऑफ द आइल्सवर पार्क बोर्ड स्केटिंगचं रिंक करतं, कडेला वॉर्मिंग हाउस म्हणजे ऊब घ्यायची खोली असते, तिथे बाकावर बसून स्केट्स बांधायचे. तुमच्या शेजारी ईडायनामध्ये सेंटेनियल लेक्स पार्क आहे, तिथे रिंक नाही तर तळ्यावर वळणावळणाची वाट असते, स्केट्स भाड्याने मिळतात आणि आजीआजोबांना काठाने चालता येतं, तुमच्या सासऱ्यांसाठी फर्स्ट क्लास. लेक हॅरिएटवर जानेवारी-फेब्रुवारीत कलावंत लोक आर्ट शँटी उभारतात, प्रत्येक झोपडीत काहीतरी वेगळंच खूळ. आणि लेक ऑफ द आइल्सवर एका रात्री बर्फाचे हजारभर कंदील लावतात, ल्युमिनरी लॉपेट, त्याची तिकिटं लवकर संपतात.
क्रॉस कंट्री स्कीइंग शिकायचं तर थिओडोर वर्थ पार्क. कृत्रिम बर्फ असतो त्यामुळे हिवाळा रुसला तरी चालतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे स्कीइंगचा वर्ल्ड कप झाला, आणि त्या हिवाळ्यात बाकी गावभर हिरवळ दिसत होती.

मॅडिसनवाला
२०२३-२४ चा तो हिवाळा म्हणजे कहर होता, मिनेसोटाच्या नोंदीतला सगळ्यात उबदार. आमच्या मॅडिसनला (शेजारचं विस्कॉन्सिन) लेक मेंडोटावर बर्फ कधी धरला कधी सुटला याच्या नोंदी १८५० च्या दशकापासून आहेत. आता बर्फाचे दिवस तेव्हापेक्षा खूपच कमी झालेत. आमच्याकडे थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरअखेर, तळं गोठायचं असं सांगणारे म्हातारे अजून भेटतात, आता नाताळ आला तरी लाटा.
म्हणून मी कॅलेंडर बघून जाणाऱ्यांना हात जोडतो. 'आपण दर वर्षी या वीकएंडला जातोच' हे वाक्य सगळ्यात डेंजर. हॉटेल बुक आहे, सुट्टी टाकलीय, पोरं तयार आहेत, मग माणूस बर्फाकडे बघताना त्याला जे बघायचंय तेच बघतो.
(आमच्याकडे १९७९ मध्ये विद्यार्थ्यांनी गोठलेल्या मेंडोटावर स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचं डोकं आणि मशालीचा हात उभा केला होता, जणू बाकी पुतळा पाण्याखाली. अजूनही काही हिवाळ्यांत फुगवून उभा करतात.)

काठावरचा
मॅडिसनवाल्याला अनुमोदन. अप्पर रेड लेक उथळ आहे, लवकर गोठतं, त्यामुळे सीझनला उतावीळ झालेले सगळे तिकडे धावतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे बर्फाचा भलामोठा तुकडा वाऱ्याने सुटला आणि दोनशेच्या आसपास माणसं त्यावर अडकली. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच, शंभराहून जास्त. बर्फ त्यांच्या पायाखाली पुरेसा जाड होता, काठापासून तुटला. वारा कुठून आहे हे जाडीइतकंच महत्त्वाचं.

टोरांटोची टोपी
आमच्याकडे पण तेच. ओटावाचा रीडो कालवा, ७.८ किलोमीटरची स्केटिंगची वाट, लोक ऑफिसला स्केट करत जातात, ती २०२३ च्या सीझनला उघडलीच नाही. सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. सिमको लेकवर आम्ही पर्च माशांसाठी जातो, तिथेही आता घरं उशिरा लागतात.

नागपूरचा गोटा
मले एकच सांगा, गाडी न्यायची का नाही? कारण माझा मित्र म्हणते काही होत नाही, बिनधास्त घाल. त्याची गाडी कंपनीची आहे.

थंडोबा
गोटाभाऊ, मित्राला म्हणा तुझ्याच गाडीने जाऊ! गंमत सोडा. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या वर्षी स्वतःची गाडी न्यायची नाही. रिसॉर्टवाल्यांच्या गाडीतून जा, १५ मिनिटांचा तर प्रश्न आहे.
न्यायचीच झाली तर बेल्ट सोडलेला, खिडक्या खाली, वेग १०-१५ मैलांच्या वर नाही. हळू का, तर चालत्या गाडीखाली बर्फ दबतो आणि पाण्यात एक लाट गाडीच्या पुढे पळते, ती काठाला जाऊन आपटली की तिथला बर्फ फुटतो. आणि थांबल्यावर गाड्या एकमेकांना खेटून लावायच्या नाहीत, मॉलची सवय सोडायची. बुडालेली गाडी ३० दिवसांत स्वखर्चाने काढायचा कायदा आहे, पाणबुडे बोलवावे लागतात, तो खर्च ऐकून मित्र कंपनीची गाडी विसरेल.

नागपूरचा गोटा
समजलं ना भाऊ. चालतच जातो.

डुलुथचे काका
तरुण मंडळींचं चांगलं चाललंय. मी फक्त एक बजावून सांगतो. वर जे आकडे दिलेत ते आतल्या तळ्यांचे. लेक सुपीरियरला ते लावू नयेत, तो समुद्र आहे. सकाळी बर्फ असतो, दुपारी वारा फिरला की क्षितिजापर्यंत निळं पाणी. २०१४ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनच्या बाजूला अपोस्टल आयलंड्सच्या गुहांपर्यंत बर्फावरून चालत जाता आलं, त्या एका मोसमात सुमारे १ लाख ३८ हजार माणसं आली. मीही काठी टेकत गेलो. छतापासून लोंबणारे बर्फाचे खांब, लाल दगडावर निळसर झाक, आत गेलं की आपलाच श्वास ऐकू येतो. पण पार्कवाले वाट उघडतात तेव्हाच जायचं. २०१५ नंतर तो योग क्वचितच.
जानेवारीच्या शेवटी इथे या, जॉन बेअरग्रीस ही कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यत असते, साधारण ३०० मैलांची. बेअरग्रीस हे ओजिब्वे गृहस्थ, या किनाऱ्याने टपाल नेत असत. सुटण्याच्या आधी ती कुत्री जो कल्ला करतात तो मुलांना आवडेल. तुमच्या सासऱ्यांना आणि मला बसायला गाडीत थर्मास आणि घोंगडं ठेवा, मी तिथेच असतो, त्यांना म्हणावं गप्पा मारायला माणूस आहे.

गारठलेली
काका, सासरे खूश झाले, म्हणाले 'बघ, काठावर बसणारे दुसरेही आहेत'. 😄
आता कपड्यांचं सांगा ना कोणीतरी. माझ्याकडे पुण्यातून आणलेलं लोकरीचं स्वेटर आणि इथे घेतलेलं जाडजूड जॅकेट आहे, खाली जीन्स.

मालवणची माय
जीन्स नको गो! कॉटन काहीच नको. घाम शोषतं, ओलं राहतं आणि मग तेच तुला गोठवतं. अंगालगत मरिनो लोकर किंवा सिंथेटिक, मधे फ्लीस, वर वारा अडवणारं. मोजे दोन जोड घालून बूट घट्ट करू नकोस, बोटं हलली पाहिजेत, घट्ट बुटात पाय लवकर गारठतात. बोटाच्या हातमोज्यांपेक्षा मिटन. बुटाला खाली क्रीपर्स म्हणजे खिळ्यांच्या पट्ट्या लाव, वाऱ्याने झाडलेला बर्फ आरसा असतो. कानातलं काढून ठेव, धातू गार होऊन कानाची पाळी पोळते, मंगळसूत्र आतल्या थराच्या बाहेर आणि फ्लीसच्या आत. मुलांचा एक पूर्ण जादा जोड गाडीत. आणि बसताना थेट बर्फावर नाही, फोमची चटई.

पांढरा डगला
उणे ४० ला फॅरनहाइट आणि सेल्सियस एकच होतात, आणि वारा धरून तसं होणारे दिवस इथे येतात, त्या दिवशी कुठेही जाऊ नका. मुलांचे गाल, नाक, कान दर थोड्या वेळाने बघा. पांढुरका, मेणचट डाग दिसला तर चोळायचं नाही, बर्फ तर अजिबात नाही. आत न्या आणि कोमट पाण्यात, किंवा स्वतःच्या अंगाच्या उबेने. आजीआजोबांना जाणवायला उशीर होतो, 'मला काही होत नाही' यावर विश्वास ठेवू नका.

शंकासुर
एक विचारायचं राहिलं. आम्ही मागे गेलो होतो तेव्हा संध्याकाळी तळं गुरगुरल्यासारखं आवाज करत होतं, मग एकदम सिनेमातल्या बंदुकीसारखं प्यूऽऽऽ. सगळे शांत बसून होते, मी मात्र गाडीत जाऊन बसलो.

वजनकाटा
तापमान उतरलं की बर्फ आक्रसतो, चढलं की पसरतो, दोन्हीत तडे जातात आणि आवाज होतो. जाड बर्फ गात असेल तर तो फक्त ताणला जातोय. त्या प्यूचं कारण भारी आहे, बर्फाच्या पातळ फळीत उंच पट्टीचा आवाज खालच्या पट्टीपेक्षा वेगाने जातो, त्यामुळे लांबच्या तड्याचा आधी बारीक सूर येतो आणि मग घरंगळत खाली. जवळ पडला तर नुसता फट्. अशाच ताणाने लांबलचक वरंबे उभे राहतात. जपानात सुवा तळ्यावरच्या त्या वरंब्याची नोंद देवळातले पुजारी १४४३ पासून ठेवतायत. आपल्याकडे त्यांना प्रेशर रिज म्हणतात आणि तिथून लांब राहायचं, तिथे उघडं पाणी असू शकतं.

पेठेतला
पाचशे वर्षं तळ्याची डायरी! आमच्या सोसायटीला मागच्या मीटिंगचे मिनिट्स सापडत नाहीत.

गारठलेली
सगळ्यांचे आभार, किती प्रेमाने लिहिलंत. ठरलं असं, आधी सेंटेनियल लेक्सला स्केटिंग, मग हॅरिएटवरच्या झोपड्या, आणि मिल लॅक्सला त्या सुट्टीच्या वीकएंडला रिसॉर्टच्या गाडीने, ते सुद्धा शुक्रवारी त्यांना फोन करून बर्फ किती विचारून. नाही म्हणाले तर डुलुथला काकांकडे. सासूबाई गुळाच्या पोळ्या नेणार आहेत बर्फावर. ऑगर रिसॉर्टवाले देतात का आपला लागतो? मुलांना स्वतः भोक पाडायचंय.

थंडोबा
भाड्याच्या घरात भोकं पाडूनच देतात. पण मुलांना करायचंय तर माझा हाताने फिरवायचा ६ इंची घेऊन जा, मी ब्लूमिंग्टनला आहे, गुरुवारनंतर कधीही या. पात्याला टोपण आहे ते शेवटच्या क्षणापर्यंत काढायचं नाही, ब्लेड दाढीच्या पात्यासारखं आहे.

मालवणची माय
आणि पोळ्या किती नेतेस ते आधी सांग, त्या वीकएंडला आम्ही पण तिथेच आहोत.

नागपूरचा गोटा
मी पण येतो. गाडी काठावर लावतो.